आगोटीतली जेट स्की

सकाळी ६:३०
मे संपत आला की मालवणात घरोघरी आगोटीची कामं निघतात. सुकी मासळी भरायची, सरपण आत घ्यायचं, छपरावरची कौलं चाळायची. माझ्या खळ्यात मात्र ट्रॉलीवरच्या जेट स्की येऊन उभ्या राहतात. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे तारकर्ली-देवबागच्या स्की सप्टेंबरपर्यंत पाण्याला लागत नाहीत. बंद ठेवण्याआधी त्यांची निगा करायची. कंपनीच्या पुस्तकात या कामाचं नाव हिवाळी साठवण. ते लिहिलंय तळी गोठणाऱ्या मुलखासाठी. पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो, ही तिकडची भीती. आपल्याकडे तेवढी पानं उलटून टाकायची. काही मालक अख्खं पुस्तकच मिटून ठेवतात. ते सप्टेंबरात माझ्याकडे येणार हे नक्की. बर्फ नसलं तरी इथे मीठ आहे, आणि तीन महिन्यांची ओल.

७:००
पहिलं काम पेट्रोलचं. टाकी गळ्याशी भरायची, कारण रिकाम्या जागेत दमट हवा राहते आणि तिचं पाणी होतं. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओल ओढून घेतं. पाणी फार झालं की दोघं मिळून तळाशी बसतात, आणि इंजिन पेट्रोल घेतं तेही तळातूनच. म्हणून टाकीत स्टॅबिलायझर घालतो. तो घालायचा धुण्याच्या आधी, म्हणजे इंजिन चालेल तेव्हा औषध इंजेक्टरपर्यंत पोचेल. हे शेवटी आठवलं तर औषध टाकीतच राहतं.

७:३०
धुण्याचं पाणी मी आधी जिभेवर घेऊन बघतो. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, आणि मचूळ पाण्याने मीठ धुण्यात काय अर्थ?

आजच्या स्कीत समुद्राचं पाणीच इंजिनाला थंड करत फिरतं, त्यामुळे मीठ आतल्या वाटांमध्ये बसलेलं असतं. पाइप जोडून झाला की हाताखालचा पोरगा नळाकडे हात नेतो आणि मी ओरडतो, “आधी इंजिन, मगे पाणी!” इंजिन बंद असताना पाणी सोडलं तर ते एक्झॉस्टच्या वाटेने उलटं सिलिंडरमध्ये चढू शकतं. थांबवताना क्रम उलटा. आधी नळ बंद, मग काही सेकंद इंजिन चालवून उरलेलं पाणी बाहेर फेकायचं, आणि मग चावी. कोरड्यावर मिनिटं मोजून चालवायचं, कारण काही बनावटींत शाफ्टच्या सीलला गारवा फक्त बाहेरच्या पाण्याचा असतो. जमिनीवर ते सील भाजून निघतं. कुठल्या मॉडेलला किती वेळ चालतो हे पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि त्या पानासाठी मी पुस्तकाला मान देतो.

९:००
इंजिन गरम आहे तोवरच तेल काढायचं. गरम तेल पातळ असतं आणि घाण सोबत घेऊन येतं. स्कीच्या पोटात खाली भांडं सरकवायला जागाच नसते, म्हणून डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढावं लागतं. तेल चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय, मग पुढचं सगळं थांबवून त्याचा शोध. आज काळंच निघालं.

मालक कुरकुरले, “दादानू, मार्चात बदललंय ना, आता कित्याक?” जळणातून आलेलं आम्ल आणि ओल जुन्या तेलात मुरलेली असते. इंजिन रोज फिरतं तेव्हा ते खपून जातं. तीन महिने बेअरिंगवर बसून राहिलं की चावतं. धंदा बंद असताना खर्च करायला जीव होत नाही, हे मलाही कळतं. पण तेलाचे पैसे वाचवून बेअरिंगचे द्यायचे, हा हिशेब मला पटत नाही.

१०:३०
प्लग काढून फळीवर क्रमाने मांडले. प्रत्येक सिलिंडरमध्ये गंजरोधक तेलाचा फवारा, मग इंधन आणि ठिणगी बंद ठेवून स्टार्टर क्षणभर फिरवायचा, म्हणजे तेल भिंतींना लागतं. आठवडाभर ओली हवा लागली की उघड्या लोखंडावर तांबूस पापुद्रा धरतो, तो मी बघत आलोय.

१२:००
जेवण. सोलकढी आणि अर्धा तास आडवा.

दुपारी १:००
मागच्या बाजूने पंपात डोकावलो तर इम्पेलरच्या शाफ्टवर जाळ्याचा नायलॉन धागा. घर्षणाने वितळून त्याचं कडं झालेलं. चाकूच्या टोकाने पदर पदर सोडवावा लागला, आणि आतल्या पदरात वाळूचे कण घट्ट बसलेले होते. हाच धागा सीलखाली गेला की पाणी बेअरिंगपर्यंत जातं. जस्ताची वडीही अर्ध्याहून जास्त झिजलेली. ती झिजली म्हणूनच बाकीचा धातू वाचला. नवी लावली, आणि नोझल, बकेट, केबल सगळ्यांना ग्रीस.

३:३०
बुचं काढली आणि ट्रॉलीच्या तोंडाखाली दोन चिरे सरकवले, म्हणजे उरलंसुरलं पाणी मागून गळेल. इंजिनाची खोली कोरडी पुसून फवारा मारला. सीट थोडी उचललेलीच ठेवतो. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेली स्की आतून घामाने भिजते. ताडपत्री हवी, पण खालून वारा खेळला पाहिजे. हवा घेणाऱ्या आणि एक्झॉस्टच्या तोंडांत कापडाचे बोळे, उंदरांसाठी. हँडलला लाल चिंधी बांधली, म्हणजे सप्टेंबरात बोळे काढल्याशिवाय कुणी चावी फिरवणार नाही. स्की मांगरात गेली. माडाखाली ठेवत नाही, नारळ ताडपत्रीला विचारून पडत नाही.

५:००
बॅटरी घरी. दर महिन्याला व्होल्ट बघायचे, १२.४ च्या खाली गेले की चार्जिंग. पहिल्या पावसात वीज दोन दिवस जाते, म्हणून आजच भरून ठेवली.

६:३०
हात धुतले तेवढ्यात देवबागहून आणखी एक स्की आली. दिवसभर पर्यटक फिरवून थेट ट्रॉलीवर चढवलेली, अंगावरून खारं पाणी गळतंय. चालक म्हणाला, “उद्या बघा, आज ठेवून जातंय.” तेल, प्लग, पंप सगळं उद्यावर टाकता येतं. मीठ रात्रभर आत वाळू द्यायचं नसतं. पोरग्याला पाइप पुन्हा जोडायला सांगितला, आणि या खेपेला त्याने नळाला हात लावण्याआधी चावीकडे बघितलं.