कॉम्प्युटर गेला, फायली आहेत

1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया अंतराळयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. पुढे अवशेषांचा शोध चालू असताना एका कोरड्या तलावात यानातली हार्ड डिस्क सापडली. ती जळून काळी पडली होती, आत धूळ शिरली होती. क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी तिच्या चकत्या साफ करून नव्या सांगाड्यात बसवल्या आणि जवळपास 99 टक्के माहिती परत मिळवली. तिच्यावर नोंदलेल्या झेनॉन वायूच्या प्रयोगाचा शोधनिबंध 2008 मध्ये प्रसिद्धही झाला.

तेव्हा घरातला पीसी चालू होत नाही म्हणून मुलांचे फोटो आणि सातबाराचे स्कॅन गेले असं धरून चालू नये. मदरबोर्ड गेला, पॉवर सप्लाय उडाला, विंडोज करप्ट झालं, तरी डिस्कवरच्या फायली बहुतेक वेळा जागेवरच असतात. मशीन दुरुस्त करणं आणि फायली काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं आधी करायचं असतं.

नुसतं विंडोज बिघडलं असेल, तर डिस्क काढायचीही गरज नाही. उबंटू या ऑपरेटिंग सिस्टीमचा पेन ड्राइव्ह लावून ती इन्स्टॉल न करता चालवायची आणि फायली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायच्या. मशीनच मेलं असेल तर डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला मात्र 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. तो नसला की डिस्क फिरतच नाही, आणि चांगली डिस्क मेली म्हणून भंगारात जाते.

जोडल्यावर कधी कधी विंडोज म्हणतं, डिस्क वापरण्यासाठी आधी फॉरमॅट करा. इथे नाही म्हणा. फाइल डिलीट केली किंवा क्विक फॉरमॅट मारलं, तर साध्या हार्ड डिस्कवर पुसली जाते ती फक्त कोणती फाइल कुठे आहे याची नोंद. मजकूर तसाच राहतो, त्यावर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेकसारखं मोफत सॉफ्टवेअर नोंदीकडे न बघता थेट मजकूर चाळतं आणि प्रत्येक प्रकारच्या फायलीची ठरलेली सुरुवात ओळखून ती उचलतं. म्हणूनच ज्या डिस्कवरून फायली काढायच्या, त्याच डिस्कवर ते सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं किंवा सापडलेल्या फायली ठेवणं हा स्वतःच्या हाताने केलेला घात आहे.

डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र तिची वीज लगेच बंद करा. वाचणारं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते बिघडलं की प्रत्येक फेरीत चकती खरवडली जाऊ शकते. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला ऐकू नका, आत पाणी साचतं. झाकण घरी उघडू नका. हे काम धूळमुक्त खोलीतलं, महागडं आहे, पण अशा डिस्कसाठी तोच रस्ता.

एसएसडीचं गणित निराळं. तिच्यात ट्रिम नावाची सोय असते, त्यामुळे डिलीट झालेली फाइल बहुधा परत येत नाही. आणि विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की मिळाल्याशिवाय काढलेली डिस्क वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की आहे का, हे मशीन चालू आहे तोवरच बघून कागदावर उतरवून ठेवा.

दुकानात मशीन सोडताना पावतीवर स्पष्ट लिहून घ्या: "डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." शक्य असेल तर डिस्क काढून घरीच ठेवा आणि उरलेलं मशीन दुरुस्तीला द्या.