थेरपिस्ट घरी येते तेव्हा

सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेल्या मुलाचं जेवण, अंघोळ, शी-शू, शाळा, खेळ हे ऑक्युपेशनल थेरपिस्टचं खरं कार्यक्षेत्र. वस्तीत जाऊन काम करणारीला महागडी साधनं फारशी लागत नाहीत. चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की कमजोर मुठीतही तो टिकतो. ताटलीखाली ओलं फडकं ठेवलं की ती सरकत नाही. खुर्चीत पाय लोंबकळत असतील तर खाली पाट सरकवायचा. कंबर आणि तळवे टेकले की हात मोकळे होतात, घास गिळणंही सोपं जातं. मूल वाढतं तसं त्याला उचलणाऱ्या आईच्या कंबरेकडेही बघावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं प्रशिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, ते जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची.

पालकांनी विचारून घ्यावं असं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असेल तर नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजनाही आहे. तिच्यात थेरपीचा खर्चही धरतात.