टॅब आणि संगणक यांच्यातला मुकादम

बीडमधल्या मोबाइल दुरुस्तीच्या एखाद्या दुकानात उभे राहा. काचेच्या काउंटरमागे एक थकलेला संगणक, त्याला लोंबकळणाऱ्या चार-पाच वायरी आणि दुकानदाराच्या तोंडी ठरलेलं वाक्य : ‘आधी ड्रायव्हर टाकावा लागंल, मग सॉफ्टवेअर मारू.’ गिऱ्हाईक मान डोलावतं. वायर लावताच टॅब चार्ज होऊ लागलाय, म्हणजे जोडणी तर झाली. मग हा ड्रायव्हर कशाला, हे विचारायचं राहूनच जातं.

हा प्रश्न आता घरांतही येऊन पोचलाय. जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या इतर मागास आणि भटक्या-विमुक्त वर्गांतल्या विद्यार्थ्यांना ‘महाज्योती’ ही नागपूरची संस्था मोफत टॅब देते. त्यातले फोटो, नोट्स संगणकावर घ्यायच्या म्हटल्या की कधी पडद्यावर काहीच उमटत नाही, तर कधी ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये अनोळखी नावापुढे पिवळा त्रिकोण दिसतो. टॅब बिघडला, असंच पहिल्यांदा वाटतं.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे बीडच्या माणसाला समजावणं सोपं आहे. दसरा-दिवाळी झाली की इथून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याला ऊस हवा असतो, पण टोळीतला एकेक कोयता त्याच्या ओळखीचा नसतो. तो बोलतो मुकादमाशी. अमुक गटातला ऊस तोडायचा, एवढंच कारखाना सांगतो. कोणाला कुठं लावायचं, हे मुकादम जाणतो. विंडोजसारखी कार्यप्रणाली म्हणजे हा कारखाना आणि टॅब म्हणजे टोळी. ‘फाइल दे’ हा हुकूम त्या टॅबला कळेल अशा संकेतांत पोचवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

पण मुकादम बोलवायचा तर टोळी कुठली, हे आधी कळायला हवं. यूएसबीची खरी करामत इथं आहे. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात : लाल आणि काळी विजेसाठी, हिरवी आणि पांढरी माहितीसाठी. टॅब जोडला की तो आपल्याकडच्या दीड किलोओहमच्या रोधातून हिरव्या तारेवरचा दाब वर खेचतो. संगणकाच्या दृष्टीनं ही दारावरची थाप. संगणक टॅबला नव्यानं सुरुवात करायला लावतो, १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि ‘तू कोण?’ असं विचारतो. टॅब अवघ्या १८ बाइटचं ओळखपत्र पुढे करतो. त्यात दोन आकडे महत्त्वाचे : एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या उत्पादनाचा. गूगलचा आकडा १८डी१, सॅमसंगचा ०४ई८. हे आकडे सोळामानी पद्धतीतले, म्हणून त्यांत अक्षरंही येतात. प्रत्येक आकड्यासाठी ६५,५३६ जागा आहेत.

ही जोडी घेऊन विंडोज आपल्याकडच्या आयएनएफ फायली चाळतं. या साध्या मजकुराच्या फायली असतात. कुठल्या आकड्याच्या पाहुण्यासाठी कोणता ड्रायव्हर, याची ती नोंदवही. नोंद सापडली तर काम सुरू. नाही तर पिवळा त्रिकोण. वीज मात्र वेगळ्या तारांतून येते. ओळख पटण्याआधीही यूएसबी २.० मध्ये १०० मिलिअँपिअरपर्यंत आणि बोलणं पक्कं झाल्यावर ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेता येते. चार्जिंग चालू असणं हा ओळख पटल्याचा पुरावा नव्हे, तो यामुळे.

यूएसबी येण्याआधी माऊस, प्रिंटर, मोडेम यांची भोकंही वेगळी आणि भांडणंही वेगळी. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम यांच्यासह सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी १.० आलं. त्यामागच्या इंटेलच्या चमूचं नेतृत्व करणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. त्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. एप्रिल २००० मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तो ४८० वर गेला. पण वेगापेक्षा मोठी गोष्ट होती ‘वर्ग’ ठरवण्याची. माऊस आणि कीबोर्डचा एक वर्ग, ध्वनीचा दुसरा, पेनड्राइव्हसारख्या साठ्याचा तिसरा. प्रत्येक वर्गाच्या अटी लेखी आणि सगळ्यांसाठी खुल्या. अशा वर्गातलं यंत्र आलं की बाहेरचा मुकादम लागत नाही. कारखान्याच्याच पगारावरचा माणूस त्याला कामाला लावतो. कुठल्याही दुकानातला माऊस लावताच चालतो, तो यामुळेच.

मग टॅबचंच घोडं कुठं अडतं? सुरुवातीचे अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखे वागत. जोडला की आपलं मेमरी कार्ड अख्खं संगणकाच्या ताब्यात देत. गोदामाची किल्लीच दिल्यासारखं, त्यामुळे तेवढा वेळ फोनला स्वतःला ते वापरता येत नसे. २०११ च्या अँड्रॉइड ३.० पासून एमटीपी ही पद्धत रुळली. आता किल्ली टॅबकडेच राहते आणि संगणक खिडकीवर उभा राहून एकेक फाइल मागतो. एमटीपीला ठरलेला वर्ग आहे, म्हणून साध्या विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर आधीच असतो. विंडोजच्या ‘एन’ आवृत्तीत मात्र मीडियाचा भाग वगळलेला असल्यामुळे तो वेगळा टाकावा लागतो.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना लागणारा एडीबी हा रस्ता निराळा. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपर पर्याय उघडतात आणि त्यात यूएसबी डिबगिंग सुरू करता येतं. त्यानंतर टॅब आणखी एक ओळख सांगतो, पण या ओळखीचा वर्ग कुठल्याच सामायिक यादीत नाही, कंपनीच्या मर्जीतला आहे. म्हणून विंडोजला इथं बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. दुकानात सॉफ्टवेअर मारताना तर टॅब वेगळ्याच मोडमध्ये चालू होतो आणि उत्पादनाचा आकडाही बदलू शकतो. टॅब तोच, पण संगणकाला वाटतं नवीन कोणी आलंय. काल टाकलेला ड्रायव्हर आज उपयोगी पडत नाही, तो त्यामुळे.

इथं सावधपणा हवा. मुकादम कारखान्याच्या आवारात शिरतो, तसे अनेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरतात. २०१४ मध्ये एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनं नकली चिपांचा उत्पादन-आकडा शून्य करून टाकला. विंडोज अपडेटमधून तो पोचला आणि चालती यंत्रं संगणकाला ओळखू येईनाशी झाली. मालकांना तर आपल्या यंत्रात नकली चिप आहे, याची कल्पनाही नव्हती. ड्रायव्हर असा गाभ्यापर्यंत पोचतो, म्हणूनच विंडोज त्याच्यावर डिजिटल सही मागतं. आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून आपल्या टॅबचा आकडा घुसडण्याची जुनी युक्ती आता चालत नाही, कारण फायलीत एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. ‘सगळे ड्रायव्हर एकाच पॅकमध्ये’ देणाऱ्या अनोळखी साइटपेक्षा टॅबच्या कंपनीचं किंवा गूगलचं अधिकृत पान बरं.

पण ड्रायव्हर ही शेवटची पायरी. आधी केबल बदलून पाहा. काही स्वस्त केबलींत हिरवी-पांढरी तार घातलेलीच नसते, त्यांतून फक्त चार्जिंग होतं. मग टॅबचं कुलूप उघडा. अँड्रॉइड ६.० पासून टॅब जोडला की तो आधी नुसता चार्ज होतो. वरची पट्टी खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं. डिबगिंगच्या वेळी पडद्यावर येणारी परवानगीही द्यावी लागते. ती ओळखीच्याच संगणकाला द्या. एवढं करूनही पिवळा त्रिकोण राहिला, तरच ड्रायव्हर टाका.

अटी लेखी आणि खुल्या होत्या, तिथं यूएसबीनं बाहेरच्या मुकादमाची गरज संपवली; जिथं त्या कंपनीच्या मर्जीवर राहिल्या, तिथं तो अजून लागतो आणि त्याच्यावर विसंबावंही लागतं. तोंडी बोलीवर उचल घेऊन सहा-सहा महिने फडावर राहिलेल्या बीडच्या माणसाला यातलं काही नव्यानं सांगायला नको.