स्टँपवरची सोडचिठ्ठी

मुलगी माहेरी परत येते. दोन्हीकडची चार माणसं बसतात, स्टँपपेपर आणला जातो, नोटरीचा शिक्का बसतो आणि ‘सोडचिठ्ठी झाली’ असं गावभर होतं. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत हे अजून चालतं. या कागदानं लग्न मोडत नाही.

काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं कलम 29 मध्ये ती राखलीही आहे. पण नुसतं ‘आमच्यात चालतं’ म्हणून भागत नाही. रूढी कोर्टात पुराव्यानं सिद्ध करावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये स्पष्ट केलं. एरवी लागतो तो न्यायालयाचा हुकूमनामा. त्याशिवाय नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल ठरतं, शिवाय तो सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. यात दुसरी बाईही फसते. मिलिटरी अपशिंग्यासारख्या फौजींच्या गावांत तर ही गोष्ट घरोघरी माहीत हवी, कारण कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न येतो तेव्हा कायदेशीर पत्नी कोण, हेच आधी पाहिलं जातं.

दोघांची संमती असेल तर 1976 साली आलेलं कलम 13-ब आहे. वर्षभर वेगळं राहिल्यावर एकत्र अर्ज करायचा आणि सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टापुढे उभं राहायचं. योग्य प्रकरणात हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असा 2017 चा निकाल आहे. एकाची तयारी नसेल तर क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षं टाकून देणं अशी कारणं सिद्ध करावी लागतात.

टाकून दिलेल्या बाईचं दुखणं याहून वेगळं असतं. तिला नवरा नांदवत नाही आणि मोकळंही करत नाही. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी अशाच परित्यक्तांना संघटित केलं. ही बाई कायद्यानं पत्नीच असते आणि घटस्फोट न घेताही पोटगी मागू शकते. घटस्फोटाचा दावा सुरू असेल तर कलम 24 खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मिळू शकतो. विटा, खानापूर, आटपाडीकडचे कितीतरी पुरुष गलाई कामासाठी दूरच्या शहरांत असतात. ‘त्याच्या गावी जाऊन केस कशी लढू?’ हा प्रश्न 2003 च्या दुरुस्तीनं सोडवला. बायको राहते तिथल्या कोर्टात तिला दावा लावता येतो.

वकिलाच्या पैशांअभावीही थांबू नका. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. साताऱ्यात आणि सांगलीत जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, हेल्पलाइन 15100. कुणी स्टँपपेपर पुढे केला, तर सही करण्याआधी तिथे जा.