फेरारीत गेलेल्या हॅमिल्टनला वर्षभरात एकही पोडियम नाही. संघ बदलल्यामुळे विश्वविजेत्याचा वारसा कमी होतो का?

सात वेळा विश्वविजेता, १०५ विजय, १०४ पोल पोझिशन. फॉर्म्युला वनच्या इतिहासात एवढे विजय आणि एवढ्या पोल पोझिशन दुसऱ्या कुणाच्याच नावावर नाहीत. तरीही २०२५ च्या संपूर्ण हंगामात लुईस हॅमिल्टन मुख्य शर्यतीत एकदाही पहिल्या तीनमध्ये आला नाही. २००७ मध्ये पदार्पण केल्यापासून त्याच्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आली.

हे घडलं ते फेरारीच्या लाल गाडीत. मर्सिडीजमधली १२ वर्षं संपवून हॅमिल्टन २०२५ मध्ये फेरारीत आला, तेव्हा तो ४० वर्षांचा होता. आता चाहत्यांमध्ये वाद सुरू आहे. हा निर्णय चुकला का? आणि चुकला असेल, तर आधीच्या सात विजेतेपदांची किंमत त्यामुळे कमी होते का?

हॅमिल्टनने फेरारीची निवड का केली?

१ फेब्रुवारी २०२४ रोजी ही बातमी आली, तेव्हा हंगाम सुरूही झाला नव्हता. मर्सिडीजसोबतचा त्याचा नवा करार जेमतेम पाच महिन्यांपूर्वी जाहीर झाला होता. पण त्या करारात २०२४ नंतर बाहेर पडण्याची मुभा होती आणि हॅमिल्टनने ती वापरली.

२०२१ मध्ये अबू धाबीच्या शेवटच्या लॅपवर मॅक्स व्हर्स्टॅपनने त्याच्या हातून आठवं विजेतेपद हिसकावलं. त्या शर्यतीआधी दोघांचे गुण अगदी सारखे होते, प्रत्येकी ३६९.५. त्यानंतर मर्सिडीजची गाडी मागे पडली. २०२२ आणि २०२३ मध्ये हॅमिल्टनला एकही शर्यत जिंकता आली नाही. २०२४ मध्ये सिल्व्हरस्टोन आणि स्पा इथे दोन विजय मिळाले, पण तोपर्यंत निर्णय झालेला होता.

फेरारी मात्र वर येत होती. २०२४ मध्ये संघांच्या अजिंक्यपदात ती मॅक्लारेनपेक्षा फक्त १४ गुणांनी मागे, दुसऱ्या क्रमांकावर राहिली. म्हणजे कागदावर हा निर्णय वेडेपणाचा नव्हता.

मग २०२५ मध्ये नेमकं काय झालं?

सुरुवात आश्वासक होती. दुसऱ्याच आठवड्यात शांघायला हॅमिल्टनने स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी शर्यत जिंकली. दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यतीनंतर गाडीखालची फळी नियमापेक्षा जास्त झिजल्याचं आढळलं आणि तो अपात्र ठरला. वर्ष कसं जाणार, याची झलक त्या एका शनिवार-रविवारातच दिसली.

हंगेरीत सहकारी शार्ल लेक्लेरने पोल पोझिशन मिळवली, तर हॅमिल्टन पात्रता फेरीत बारावा आला. त्यानंतर संघाने बहुधा दुसरा ड्रायव्हर शोधायला हवा, असं तो स्वतःच बोलून गेला. हंगामातल्या शेवटच्या तीनही शर्यतींत तो पात्रता फेरीच्या पहिल्याच टप्प्यात बाद झाला. वर्षाअखेर लेक्लेरच्या खात्यात २४२ गुण आणि सात पोडियम होते. हॅमिल्टनचे गुण होते १५६.

एवढा मोठा ड्रायव्हर नव्या गाडीत का अडखळतो?

बाहेरून सगळ्या गाड्या सारख्या वाटतात, पण ब्रेक कसे लागतात, वळणावर गाडीचं नाक किती लवकर वळतं, ब्रेक मारताना इंजिनचा रोध किती वापरायचा, हे प्रत्येक संघात वेगळं असतं. १२ वर्षं एका गाडीची सवय झालेल्या पायाला आणि हाताला ते नव्याने शिकावं लागतं. सेकंदाच्या दहाव्या भागावर जागा ठरत असताना ही सवय मोडणं महाग पडतं.

शिकायला वेळही मिळत नाही. २०२५ च्या हंगामाआधी बहरीनमध्ये अधिकृत चाचणीचे फक्त तीन दिवस होते आणि तेही दोन ड्रायव्हरमध्ये वाटलेले. म्हणजे एकाच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस.

शिवाय माणसंही बदलतात. शर्यत सुरू असताना ड्रायव्हरच्या कानात बोलणारा रेस इंजिनिअर हा त्याचा सर्वांत जवळचा साथीदार असतो. हॅमिल्टनचा मर्सिडीजमधला इंजिनिअर पीटर बॉनिंग्टन तिथेच राहिला. फेरारीत रिकार्डो अदामीसोबत नव्याने सूर जुळवावे लागले आणि रेडिओवरच्या संभाषणात हा अवघडलेपणा वर्षभर जाणवत राहिला.

अर्थात, ही कारणं सगळं झाकत नाहीत. कार्लोस साइन्झ त्याच वर्षी फेरारीतून विल्यम्समध्ये गेला. त्यालाही नवी गाडी, नवी माणसं होती आणि त्याने दोन पोडियम मिळवले.

याआधीचे विश्वविजेते फेरारीत गेले तेव्हा काय झालं?

सगळ्यात आधी आठवतो मायकेल शुमाकर. बेनेटनसोबत १९९४ आणि १९९५ ची विजेतेपदं जिंकून तो १९९६ मध्ये फेरारीत गेला. फेरारीच्या ड्रायव्हरने १९७९ नंतर अजिंक्यपद जिंकलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्याला तीन विजय मिळाले. १९९९ मध्ये सिल्व्हरस्टोनला पाय मोडला. विजेतेपद आलं २००० मध्ये, म्हणजे पाचव्या वर्षी. मग सलग पाच.

पण शुमाकर २७ वर्षांचा असताना फेरारीत आला होता. बेनेटनमधले रॉस ब्रॉन आणि रोरी बर्न हे तंत्रज्ञही त्याच्यामागोमाग आले. तेव्हा सरावावर आजच्यासारखी बंधनं नव्हती, खर्चावर मर्यादा नव्हती. ती वाट आता बंद आहे.

दुसरं उदाहरण सेबॅस्टियन व्हेटेलचं. भारतातल्या चाहत्यांना तो चांगलाच आठवत असेल. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या तिन्ही शर्यती त्यानेच जिंकल्या. २०१३ मध्ये त्याच ट्रॅकवर त्याचं चौथं विजेतेपद पक्कं झालं आणि गाडीतून उतरून त्याने गाडीपुढे गुडघे टेकले. हा व्हेटेल २०१५ मध्ये फेरारीत गेला. सहा वर्षांत १४ शर्यती जिंकल्या, दोनदा अजिंक्यपदात दुसरा आला. पाचवं विजेतेपद आलं नाही.

फर्नांडो अलोन्सोची कथा त्याहून बोचरी. २०१० मध्ये चार गुणांनी आणि २०१२ मध्ये तीन गुणांनी फेरारीतलं त्याचं विजेतेपद हुकलं. अ‍ॅलन प्रॉस्टला तर १९९१ मध्ये हंगामातली शेवटची शर्यत बाकी असतानाच फेरारीने काढून टाकलं. दोन वर्षांनी विल्यम्सच्या गाडीत तो चौथ्यांदा विश्वविजेता झाला.

संघ बदलणं म्हणजे नशीब की निवड?

हॅमिल्टनचा २०१२ मधला निर्णय आठवून पाहा. तो मॅक्लारेन सोडून मर्सिडीजमध्ये जाणार हे जाहीर झालं, तेव्हा मॅक्लारेन शर्यती जिंकत होती आणि मर्सिडीजने पुनरागमनानंतरच्या जवळपास तीन वर्षांत एकच शर्यत जिंकली होती. अनेकांनी याला चूक म्हटलं. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिनांचे नियम आले आणि मर्सिडीजचं इंजिन सर्वांत सरस निघालं. हॅमिल्टनने त्या संघासोबत सहा विजेतेपदं जिंकली. मॅक्लारेनला मात्र २०१२ नंतरचा पुढचा विजय थेट २०२१ मध्ये मिळाला.

तो दूरदृष्टीचा निर्णय होता असं आज म्हटलं जातं. २०२४ चा निर्णय मात्र चुकीचा ठरवला जातो. खरं तर दोन्ही वेळा त्याच्यासमोर एकच प्रश्न होता, दोन-तीन वर्षांनी कोणाची गाडी वेगवान असेल? त्याचं खात्रीचं उत्तर ड्रायव्हरकडे तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही.

मग वारसा मोजायचा कसा?

विजेतेपदांची संख्या हा सोपा मापदंड आहे, पण अपुरा. हुआन मॅन्युएल फँजिओने १९५० च्या दशकात पाच विजेतेपदं चार वेगवेगळ्या संघांच्या गाड्यांत जिंकली. ५१ शर्यतींत २४ विजय. आज एका हंगामात २४ शर्यती होतात. शिवाय १९५६ मध्ये मोंझाला सहकारी पीटर कॉलिन्सने स्वतःची गाडी फँजिओला दिली आणि त्याचं विजेतेपद पक्कं झालं. आजच्या नियमांत हे शक्यच नाही. हे आकडे एका तराजूत कसे तोलणार?

दुसरा मापदंड सहकाऱ्याशी तुलनेचा. गाडी सारखी असल्यामुळे तो जास्त न्याय्य वाटतो. हॅमिल्टनने पदार्पणाच्या वर्षी दोन वेळच्या विश्वविजेत्या अलोन्सोइतकेच, १०९ गुण मिळवले होते. याच मापाने २०२५ मध्ये तो लेक्लेरपुढे स्पष्टपणे कमी पडला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक २२ वर्षांच्या मुलाची, दुसरी चाळिशीतल्या माणसाची.

शुमाकर २०१० मध्ये मर्सिडीजमधून परतला. तीन वर्षांत एक पोडियम मिळालं, विजय एकही नाही. तेव्हाही ‘कशाला परत आला?’ असं विचारलं गेलं. आज त्याचं नाव निघालं की कुणी त्या तीन वर्षांचा हिशेब मांडत नाही. उतरणीच्या वर्षांमुळे आकड्यांची सरासरी घसरते, पण शिखरावर जे घडलं ते पुसलं जात नाही.

पुढे काय?

२०२६ पासून इंजिन आणि गाडीच्या रचनेचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलत आहेत. अशाच बदलाने २०१४ मध्ये हॅमिल्टनचं नशीब पालटलं होतं. फेरारीच्या ड्रायव्हरने शेवटचं अजिंक्यपद २००७ मध्ये जिंकलं, किमी रायकोनेनने. त्या वर्षी एका गुणाने हरलेला नवखा ड्रायव्हर होता हॅमिल्टन.

आठवं विजेतेपद लाल गाडीत मिळालं, तर तो निर्विवादपणे सर्वांच्या पुढे जाईल. नाही मिळालं, तर ते अपयश फेरारीतल्या वर्षांचं असेल. आधीची सात विजेतेपदं तेव्हाही सातच राहतील.