दहा हजार पावलांचा हट्ट

भाईंदरहून रोज चर्चगेट गाठणारे माझे एक मधुमेही रुग्ण परवा मोबाईल पुढे करून म्हणाले, "डॉक्टर, १०,००० पावलं काही होत नाहीत. चालणंच सोडलं!" त्यांची रोजची सरासरी होती ३,०००.

मुळात हा आकडा वैद्यकशास्त्राचा नव्हे. १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावले मोजणारे', या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. मी त्यांना चिठ्ठीवर ३,५०० लिहून दिले. ते जमले की आणखी ५०० वाढवायचे. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे. छातीत दुखले, तर मात्र लगेच थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

आणि लक्षात ठेवा, मोबाईल पावले मोजतो, रक्तातली साखर नाही. दर तीन महिन्यांची तपासणी चुकवू नका.