कळफलक आणि संकलन : लेखांक ७ – सरकणारी क्लिप आणि तिचे शेजारी

गेल्या आठवड्यात आपण क्लिप कापण्याच्या कळांचा परिचय करून घेतला. आज कापलेली क्लिप जागेवरून हलवावी कशी, हा विषय घेऊ. माउसने क्लिप धरावी, ओढावी आणि हव्या त्या ठिकाणी सोडावी, एवढ्यात काम भागते अशी नवशिक्याची समजूत असते, आणि क्लिप दहा-वीस सेकंद दूर न्यावयाची असेल तर ती चुकीचीही नाही. परंतु जेथे प्रश्न एका-दोन फ्रेमींचा असतो, तेथे केवळ हाताच्या अंदाजावर विसंबणाऱ्या संकलकाला आपण क्लिप नेमकी किती सरकवली याचा हिशेब देता येत नाही.

फ्रेमीचे मोल एका उदाहरणाने स्पष्ट करतो. एखाद्या विस्तीर्ण मंडपात कीर्तन चालले आहे आणि आपला मागचा कॅमेरा कीर्तनकारापासून सुमारे ४० मीटरवर उभा आहे, असे समजा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला २५ फ्रेमी या मानाने एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची भरते आणि तेवढ्या अवधीत ध्वनी साडेतेरा मीटरांच्या आसपास अंतर कापतो. साहजिकच त्या कॅमेऱ्याने टिपलेला टाळांचा नाद चित्राच्या तीन फ्रेमी मागे पडतो, आणि टाळ भिडल्यानंतर नाद येण्यास लागणारा हा यत्किंचित विलंब, कारण न उमगताही, पाहणाऱ्याला सतत खटकत राहतो.

अशा वेळी प्रीमियर प्रोमध्ये, विंडोजवर, ऑल्ट दाबून केवळ ध्वनीच्या क्लिपवर क्लिक करावे, म्हणजे चित्र जागेवर राहून ध्वनी तेवढा निवडला जातो. नंतर ऑल्टसह डावी बाणकळ तीन वेळा दाबावी. दर वेळी बरोबर एक फ्रेम, आणि शिफ्टची जोड दिल्यास पाच. मॅकवर याच सरकवणीसाठी ऑल्टऐवजी कमांड कळ आहे. रिझॉल्व्ह आणि फायनल कट प्रो यांत हेच काम स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्या कळांकडे सोपविले आहे. त्याच कळांवर डावीकडे आणि उजवीकडे तोंड केलेली कोनाकृती चिन्हे असल्याने दिशा लक्षात ठेवणे सोपे जाते. मोठी मजल मारावयाची असेल तर प्रीमियरमध्ये क्लिप निवडून आकड्यांच्या कळपट्टीवर अधिक किंवा उणे चिन्ह, पुढे फ्रेमींची संख्या आणि एंटर असा हुकूम द्यावा. मात्र ही संख्या शंभराच्या आत ठेवावी, कारण त्यापुढील आकडा सेकंद आणि फ्रेमी म्हणून वाचला जातो.

इथवर सर्व सुलभ आहे. खरा विचार करावयाचा तो शेजाऱ्यांचा. पूर्वी फिल्मच्या पट्टीवर, जिच्या एका फुटात ३५ मिलिमीटरच्या मापात १६ फ्रेमी मावत, एखादा तुकडा पुढे न्यावयाचा तर शेजारचा तुकडा प्रत्यक्ष कात्रीने कापावा लागे, आणि कापलेला अंश संकलकाच्या हातात राही. काय गमावले ते डोळ्यांना दिसे. टाइमलाइनवर ही साक्ष नाहीशी झाली आहे. प्रीमियरमध्ये ऑल्ट आणि बाणकळीने सरकणारी क्लिप, शेजारी दुसरी क्लिप भिडलेली असेल तर, बांध कोरत शेजारच्या शेतात शिरणाऱ्या नांगराप्रमाणे तिच्या फ्रेमी गिळते आणि आपल्या मागे रिकामी जागा ठेवते. चित्राच्या सलग मालिकेत ही रिकामी जागा पडद्यावर काळी चमकून जाते, आणि एकाच फ्रेमीची असली तर घाईच्या तपासणीत हमखास निसटते.

यावरचा उपाय म्हणजे स्लाइड : ऑल्टसह स्वल्पविराम किंवा पूर्णविराम. या क्रियेत मधली क्लिप जशीच्या तशी सरकते, एका बाजूची क्लिप तेवढीच आखूड होते, दुसरीकडची तेवढीच लांब होते, आणि एकूण अवधी रेसभरही बदलत नाही. अट एवढीच की लांब होणाऱ्या क्लिपच्या मूळ चित्रणात तेवढ्या फ्रेमी शिल्लक हव्यात. माझ्या मते सलग दृश्यमालिकेत क्लिप सरकविण्याचा हाच प्रशस्त मार्ग आहे, आणि तोच सर्वांत उपेक्षित राहिला आहे याचे मला वाईट वाटते. दोन क्लिपांची अदलाबदल मात्र निराळी. तिच्यासाठी रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल आणि शिफ्टसह हीच दोन विरामचिन्हे वापरतात.

वाचकांना विनंती अशी, की पुढील लेखांक हाती येण्यापूर्वी आपल्या एखाद्या जुन्या कामाची प्रत काढावी, तिच्यातील एकच क्लिप पाच फ्रेमी आधी ऑल्ट आणि बाणकळीने, मग पूर्ववत करून स्लाइडने सरकवावी, आणि दोन्ही वेळी तिच्या दोन्ही बाजूंचे सांधे फ्रेम-फ्रेम करून तपासावेत.